आइसलँडच्या सहली आखणाऱ्यांना खुले पत्र: पहिला अर्धा दिवस दोन चित्रकारांसाठी राखून ठेवा

प्रति,
महाराष्ट्रातून आइसलँडला सहली नेणारे सर्व आयोजक, व्यवस्थापक आणि सहलप्रमुख यांस,

विषय: रेक्याविकमधील योहान्नेस क्यार्वाल आणि आउस्ग्रिमुर योन्सोन या दिवंगत चित्रकारांच्या संग्रहांना सहलीच्या कार्यक्रमात स्थान देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. आइसलँडला माझे दोनदा जाणे झाले. पहिल्यांदा आपल्यासारख्याच एका आयोजकांच्या सहलीबरोबर गेलो आणि दोन वर्षांनी माझ्या मुलीबरोबर, आमचे आम्ही ठरवून गेलो. या दोन प्रवासांत मला जे उमगले त्यावरून आपल्याला एक विनंती करायची आहे, आणि ती केवळ एका आयोजकाला करून भागणार नाही असे वाटल्यामुळे हे पत्र खुले लिहीत आहे. विनंती अशी की आइसलँडमधला पहिला अर्धा दिवस, म्हणजे धबधबे, हिमनद्या आणि ज्वालामुखी पाहायला बाहेर पडण्याच्या आधीचा अर्धा दिवस, आपण या दोन चित्रकारांच्या संग्रहांसाठी राखून ठेवावा. तो पहिलाच असावा, याविषयी माझा आग्रह का आहे ते पुढे सांगतो.

पहिल्या सहलीत दुसऱ्याच दिवशी आम्हाला ज्याला सगळे ‘गोल्डन सर्कल’ म्हणतात त्या फेरीवर नेण्यात आले. थिंगवेलिर हे त्यातले पहिले ठिकाण होते. इसवी सन ९३० च्या सुमारास आइसलँडच्या लोकांनी आपली लोकसभा जिथे उघड्या आकाशाखाली भरवायला सुरुवात केली आणि १७ जून १९४४ रोजी जिथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली, ती ही जागा. आमच्या मार्गदर्शकांनी ही माहिती नीट सांगितली, उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत हेही सांगितले, आणि पन्नास मिनिटांनी बसपाशी यायला सांगितले. आम्ही भेगांच्या कडेने चाललो, छायाचित्रे काढली. परत येताना आमच्यातल्या एक बाई सहज म्हणाल्या, “एवढे लांब आलो ते दगड बघायला का?” कोणी काही बोलले नाही, कारण कमीअधिक प्रमाणात सर्वांच्याच मनात तेच होते. माझ्याही मनात होते. आयुष्यभर मुलांना निसर्गचित्र शिकवलेला मी, पण त्या काळ्या-करड्या खडकांत पाहायचे काय आणि नजर ठेवायची कुठे, हे मला कळत नव्हते.

चौथ्या दिवशी वादळामुळे दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला. ऑक्टोबरमध्ये असे होतेच, आणि त्यात आयोजकांचा काही दोष नव्हता. मंडळी हॉटेलात थांबली. मी मात्र स्वागतकक्षातल्या मुलीला जवळपास काही चित्रे पाहायला मिळतील का असे विचारले आणि तिने नकाशावर क्लांब्रातून नावाच्या बागेवर बोट ठेवले. हालग्रिम्सकिर्क्या या उंच चर्चपासून साधारण पंधरा-वीस मिनिटे चालले की ही बाग लागते, आणि तिच्या कडेला काँक्रीटची एक लांबट, बसकी इमारत आहे. तिचे नाव क्यार्वालस्तादिर. रेक्याविक महापालिकेच्या कला संग्रहालयाच्या तीन वास्तूंपैकी ही एक, आणि खास चित्रप्रदर्शनांसाठी म्हणून बांधलेली आइसलँडमधली पहिली. क्यार्वाल यांच्या कामाचा काही ना काही भाग तिथे कायम मांडलेला असतो.

आपल्याकडे शाळेतल्या स्मरणचित्रात दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी आणि काठावर झोपडी असते. क्षितिजरेषा कागदाच्या कुठल्या भागात घ्यायची, पुढचे मोठे आणि मागचे लहान कसे काढायचे, दूरचे डोंगर निळसर का करायचे, हे सगळे मी हजारो मुलांना शिकवले. क्यार्वाल यांच्या पहिल्याच मोठ्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा क्षितिज शोधण्यातच माझा काही वेळ गेला. ते अगदी वर, चौकटीला टेकलेले होते आणि आकाशाला बोटभर पट्टी उरली होती. बाकी सारा कॅनव्हास जमिनीने भरलेला होता. ती जमीन दुरून पाहिलेली नव्हती. चालताना आपण पायाशी पाहावे तशी पाहिलेली होती. फुटलेल्या लाव्ह्याचे तुकडे, तुकड्यांमधल्या फटी, फटींतले शेवाळ, शेवाळावरचा ओलावा, आणि हे सगळे लहान लहान, तुटक फटकाऱ्यांनी रंगवलेले. जवळून पाहिले तर नुसते रंगांचे ठिपके आणि रेघा दिसत होत्या. चार पावले मागे गेलो की दगड आपापल्या जागी बसत होते. आणि ज्याला मी दोन दिवसांपूर्वी करडे म्हणून सोडून दिले होते त्यात जांभळट, गंजासारखा तांबूस, पोपटी, शिळ्या हळदीसारखा पिवळा असे कितीतरी रंग होते.

मी तिथे तीन तास होतो. बराच वेळ एकाच चित्रापुढे बसल्यावर त्या दगडांत चेहरे दिसायला लागले. तो माझा भास नव्हता. क्यार्वाल यांनी कित्येक चित्रांत खडकांच्या आणि शेवाळाच्या आकारांतून माणसे, पक्षी, अदृश्य लोकांच्या आकृती उमटू दिल्या आहेत. आइसलँडच्या लोककथांत टेकड्यांच्या आणि खडकांच्या पोटात राहणारे ‘लपलेले लोक’ असतात. या चित्रांत ते दगडापासून वेगळे काढताच येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि आम्ही दक्षिण किनाऱ्याने पुढे निघालो. विक गाव मागे टाकून बस एल्डह्रोइन या भागात थांबली. १७८३ च्या जूनपासून १७८४ च्या फेब्रुवारीपर्यंत लाकी या ज्वालामुखीच्या भेगेतून जो लाव्हा वाहिला, त्याचे हे पठार. त्या आठ महिन्यांत निघालेल्या विषारी वायूंनी गवत नासले, गुरे मेली, आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. आज त्या लाव्ह्यावर जाड, मऊ, करड्या-हिरव्या शेवाळाची चादर आहे. इतर मंडळी छायाचित्रे काढून बसमध्ये चढली. मी वाटेच्या कडेला गुडघे टेकून बसलो होतो, कारण आदल्या दिवशी भिंतीवर पाहिलेले सगळे रंग तिथे जमिनीवर होते. तीन दिवसांपूर्वी थिंगवेलिरलाही ते असणारच. मला ते दिसले नाहीत, कारण पाहायचे कसे हे मला कोणी दाखवले नव्हते.

म्हणून म्हणतो की चित्रे आधी पाहावीत आणि भूमी नंतर. हा क्रम उलटा झाला तर जे हातचे जाते ते परत मिळवायला दुसऱ्यांदा जावे लागते. मी गेलो, पण ते सर्वांना परवडणारे नाही. आपल्याबरोबर येणारे बहुतेक लोक आयुष्यात एकदाच तिथे जातात.

एल्डह्रोइनच्या त्या थांब्यावर आमच्या मार्गदर्शकांनी सांगितली नाही अशी एक गोष्ट मला नंतर कळली. त्या लाव्ह्याच्या पठाराला लागूनच समुद्राच्या बाजूला मेदालांद हा सखल प्रदेश आहे, आणि तिथल्या एफ्री-ए या शेतवाडीवर १५ ऑक्टोबर १८८५ रोजी योहान्नेस क्यार्वाल यांचा जन्म झाला. घरची गरिबी, भावंडे पुष्कळ. चार-पाच वर्षांचा असतानाच त्यांना देशाच्या पूर्व टोकाला, बोर्गारफ्योर्दुर नावाच्या खाडीकाठच्या नातेवाइकांकडे वाढायला पाठवण्यात आले. तरुणपणी ते मासेमारीच्या जहाजांवर काम करत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढत. मच्छीमार सोबत्यांनी पैशाची मदत केली म्हणून त्यांना परदेशी शिकायला जाता आले. काही काळ लंडनमध्ये राहून त्यांनी इंग्रज चित्रकार टर्नर यांची चित्रे पाहिली, मग कोपनहेगनच्या शाही कला अकादमीत शिक्षण पूर्ण केले, इटली पाहिली आणि १९२२ मध्ये ते मायदेशी कायमचे परतले. १९२०च्या दशकात रेक्याविकमधल्या राष्ट्रीय बँकेच्या भिंतीवर त्यांनी मासे खारवण्याच्या आणि रचण्याच्या कामाची भित्तिचित्रे केली. ज्या माणसांच्या मदतीने ते शिकले त्यांचेच हे जग होते, आणि बँकेसारख्या ठिकाणी त्यांनी ते आणून ठेवले याचे मला फार मोल वाटते.

१९३०च्या आसपास ते थिंगवेलिरला जाऊन चित्रे रंगवू लागले आणि पुढची कित्येक वर्षे तिथे जात राहिले. त्याच त्या भेगा, तेच खडक, पाऊस असो, धुके असो की ऊन. उघड्यावर कॅनव्हास उभा करून, वाऱ्यापासून तो सांभाळत ते काम करत. दूरच्या मुक्कामी तंबूत राहात. १९४१ मधले त्यांचे ‘डोंगराचे दूध’ या अर्थाच्या नावाचे चित्र थिंगवेलिरचेच आहे, आणि आइसलँडमध्ये ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. एका प्रकाशकांनी १९६१ मध्ये आपला संग्रह कामगार महासंघाला भेट दिला, त्याबरोबर ते चित्र कामगारांच्या कला संग्रहालयाकडे गेले. म्हणून ते क्यार्वालस्तादिरमध्ये दिसेलच असे नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणी फक्त तेवढ्यासाठी गेले आणि हिरमुसले असे व्हायला नको. लाव्हा आणि शेवाळ सुंदर आहे हे आम्हाला क्यार्वालांनी दाखवले, असे आइसलँडचे लोक स्वतः म्हणतात. ज्यांच्या दाराशी तो लाव्हा आहे त्यांनाही कोणीतरी दाखवावा लागला, मग आपल्यासारख्या सात दिवसांच्या पाहुण्यांना लागणार यात कमीपणा कसला?

१९६८ मध्ये क्यार्वाल यांनी आपली चित्रे, रेखाटने आणि चीजवस्तू रेक्याविक शहराला दिल्या. हान्नेस दाविदसोन या वास्तुरचनाकारांनी आखलेले क्यार्वालस्तादिर २४ मार्च १९७३ रोजी उघडले. ते पाहायला क्यार्वाल नव्हते. १३ एप्रिल १९७२ रोजी त्यांचे निधन झाले होते. संग्रहालय उघडले तेव्हा हेइमाए बेटावरच्या ज्वालामुखीचा उद्रेक चालू होता. त्या वर्षीच्या २३ जानेवारीच्या रात्री सुरू झालेल्या त्या उद्रेकामुळे सुमारे ५,३०० लोकांना घरदार सोडून मुख्य भूमीवर यावे लागले होते. लाव्ह्याचे रूप डोळ्यांना दाखवणाऱ्या चित्रकाराची वास्तू अशा वेळी लोकांसाठी उघडली गेली, याचा मी अनेकदा विचार केला आहे. १९९५ मध्ये निघालेल्या दोन हजार क्रोनांच्या नोटेवर याच क्यार्वालांचा चेहरा आहे. आता ती नोट क्वचितच हाती पडते.

आता आउस्ग्रिमुर योन्सोन यांच्याविषयी. योन्सोन म्हणजे योनचा मुलगा; ते आडनाव नव्हे. आइसलँडमध्ये थोरामोठ्यांनाही पहिल्या नावानेच संबोधतात, त्यामुळे मीही त्यांना आउस्ग्रिमुर म्हणतो. त्यांचा जन्म ४ मार्च १८७६ चा, दक्षिणेकडच्या फ्लोई या सपाट प्रदेशातला. आपल्या बसगाड्या सेल्फोस या गावी चहापाण्यासाठी थांबतात ना, तोच हा भाग. हवा स्वच्छ असली की तिथून हेक्ला हा ज्वालामुखी दिसतो. १९०० मध्ये ते कोपनहेगनच्या अकादमीत दाखल झाले, १९०३ मध्ये रेक्याविकमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले, आणि पुढे लोकसभेने दिलेल्या अनुदानावर ते इटलीला जाऊन आले. चित्रकला हाच आयुष्यभराचा व्यवसाय करणारे ते पहिले आइसलँडकर मानले जातात. हा निर्णय किती धाडसाचा होता हे समजायला त्या काळचा देश डोळ्यांपुढे आणावा लागतो. १९०१ च्या जनगणनेत साऱ्या देशाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती आणि रेक्याविकमध्ये सात हजार माणसेही नव्हती. हस्तलिखितांची, गाथांची आणि कवितेची परंपरा शेकडो वर्षांची होती, पण निसर्गचित्रांची नव्हती. थोरारिन थोर्लाक्सोन या त्यांच्या ज्येष्ठ समकालीनांनी १९०० साली भरवलेले छोटेसे प्रदर्शन ही तिची सुरुवात. चित्रे विकत घेणारे लोक नव्हते, शिकवणारी शाळा नव्हती, आणि हा माणूस जलरंगांची पेटी घेऊन घोड्यावरून पाड्यापाड्यांवर फिरत होता.

जलरंग हे माझे स्वतःचे आवडते माध्यम असल्यामुळे या ठिकाणी थोडे सविस्तर लिहिले तर समजून घ्यावे. जलरंगात ओल्या कागदावर रंग किती पसरू द्यायचा आणि कुठे थांबवायचा याचा अंदाज हवेवर असतो. कोकणात पावसाळ्यात कागद वाळतच नाही, मे महिन्यात ब्रश उचलण्याआधी वाळतो. आइसलँडच्या गार, दमट आणि सतत बदलणाऱ्या हवेत उघड्यावर बसून हे माध्यम हाताळणे किती अवघड असेल! आउस्ग्रिमुर यांच्या सुरुवातीच्या जलरंगांतले दूरचे हिमाच्छादित डोंगर, नदीच्या पात्रावरचा फिकट उजेड आणि उन्हाळ्यातल्या न मावळणाऱ्या संध्याकाळी इतक्या निवांत आहेत की त्यांत हवेचा त्रास कुठे जाणवत नाही. उत्तर आयुष्यात मात्र त्यांचा हात मोकळा झाला. हूसाफेल परिसरातली त्यांची भूर्ज वृक्षांची चित्रे पाहावीत. फांद्या वाऱ्याने पिळवटलेल्या, रंग भडक म्हणावेत इतके तीव्र, आणि ब्रशचे फटकारे जाड. मागे हिमनदीची शांत पांढरी घुमटी. वय झालेले, प्रकृती साथ देत नाही, आणि चित्रे मात्र अधिकाधिक तरुण होत गेली. ह्रोइनफोसार हे धबधबे आपल्या बऱ्याच सहलींत असतात. हूसाफेल तिथून अगदी जवळ आहे. तिथे बसमध्ये याविषयी दोन वाक्ये सांगायला एक मिनिट पुरेल.

आइसलँडच्या लोककथांतले राक्षस आणि लपलेले लोक दिसायला कसे असतात, हेही देशाला प्रथम आउस्ग्रिमुर यांनीच कागदावर दाखवले. रात्री खिडकीशी येऊन आत डोकावणारा प्रचंड राक्षस आणि आत पाळण्यापाशी बसलेली मुलगी, हे त्यांचे चित्र फार प्रसिद्ध आहे. राक्षस बोजड आणि केसाळ आहेत, तर लपलेले लोक माणसांसारखेच, किंबहुना माणसांहून नीटनेटके आणि देखणे. सहलीत मुले असतील तर त्यांना ही चित्रे इतर कशाहूनही अधिक आवडतील.

आणि त्यांनी वारंवार काढलेला एक विषय आहे ज्वालामुखीचा. क्षितिजावर आग, काळवंडलेले आभाळ, आणि समोर जीव मुठीत धरून धावणारी माणसे, उधळलेले घोडे, कडेवर मुले घेतलेल्या बाया. २०२१ मध्ये रेक्यानेस द्वीपकल्पावर उद्रेकांची मालिका सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या कित्येक जाहिरातींत ‘जिवंत लाव्हा पाहण्याची संधी’ असे शब्द येऊ लागले आहेत. लोकांना तो पाहावासा वाटतो हे मी समजू शकतो. मलाही वाटले होते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच द्वीपकल्पावरचे ग्रिंदाविक हे गाव एका रात्रीत रिकामे करावे लागले. तिथल्या माणसांसाठी लाव्हा म्हणजे काय, हे आउस्ग्रिमुर यांच्या त्या धावणाऱ्या माणसांकडे पाहिल्यावर जितके कळते तितके कुठल्याही निरीक्षण-मनोऱ्यावरून कळणार नाही. आपल्या प्रवाशांनी ही चित्रे पाहून मग लाव्हा पाहायला जावे असे मला मनापासून वाटते.

आउस्ग्रिमुर यांनी १९५२ मध्ये आपली चित्रे आणि राहते घर राष्ट्राला देऊन टाकले. ५ एप्रिल १९५८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९६० मध्ये बेर्गस्तादास्त्रैती या रस्त्यावरचे ७४ क्रमांकाचे त्यांचे घर लोकांसाठी खुले झाले. पुढे हा संग्रह आइसलँडच्या राष्ट्रीय कला संग्रहालयाचा भाग झाला. मी मुलीबरोबर तिथे गेलो तो दिवस जूनमधला होता. शांत वस्तीतले साधे घर, वर चित्रकाराची कामाची खोली. बाहेरचा उजेड खिडकीतून आत येत होता आणि त्याच उजेडात त्यांनी रंगवलेली चित्रे भिंतीवर होती. मुलगी संगणक क्षेत्रात काम करते, चित्रांची तिला विशेष ओढ नाही. पण तिथून बाहेर पडल्यावर ती बराच वेळ आभाळाकडेच पाहात चालली होती.

या दोघांना एकत्र पाहावे असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. क्यार्वाल यांनी चित्रकलेचे सुरुवातीचे धडे आउस्ग्रिमुर यांच्याकडे घेतले होते. गुरूंनी देशाला दूरचे पाहायला शिकवले: हेक्ला, हिमनद्या, आभाळ, उन्हाळी रात्रीचा उजेड. शिष्याने तीच नजर खाली, पायाजवळच्या दगडावर आणली. आपल्या सहलीत लोक बसच्या काचेतून दूरचे पाहतात आणि उतरल्यावर पायाखालचे तुडवतात. शेवाळावर पडलेल्या पावलाची खूण भरून यायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून वाट सोडू नका अशा सूचना मार्गदर्शक वारंवार देतात आणि त्या वारंवार मोडल्या जातात. ज्याने क्यार्वाल यांचे एक चित्र पंधरा मिनिटे पाहिले आहे तो त्या शेवाळावर पाय ठेवणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. काही आयोजकांशी मी या विषयावर बोललो. “लोकांना चित्रे कळत नाहीत” हे उत्तर मला सर्वाधिक वेळा मिळाले. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो की हे खरे नाही. लोकांना चित्रांपुढे उभे राहायला वेळ दिला जात नाही, आणि आपल्याला ते कळायचे नाही असे त्यांना आधीच सांगून ठेवलेले असते. वारली भिंत किंवा पैठणीच्या पदरावरचा मोर ओळखणाऱ्या बायकांना रंग आणि आकार कळत नाहीत असे कोण म्हणेल? ज्या बाईंनी थिंगवेलिरला दगडांविषयी तो प्रश्न विचारला त्यांना मी क्यार्वालस्तादिरहून आणलेली चित्रांची पोस्टकार्डे दाखवली होती. त्यांनी त्यातले एक मागून घेतले आणि पुढचा सगळा प्रवास ते हातात धरून खिडकीबाहेरच्या लाव्ह्याशी ताडून पाहिले.

दुसरे उत्तर वेळेचे. त्यावर मला एवढेच म्हणायचे आहे की आपल्या बहुतेक सहली रेक्याविकला पोहोचतात त्या दिवशी मंडळी लांबच्या विमानप्रवासाने थकलेली असतात, आणि त्या दिवशी बहुधा खरेदीच्या रस्त्यावर मोकळे सोडले जाते. तोच वेळ मी मागतो आहे. क्यार्वालस्तादिरमध्ये बसायला जागा आहे, चहाकॉफी मिळते, ज्येष्ठांना फार चालावे लागत नाही. उत्तरप्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहायला जाणाऱ्या हिवाळी सहलींसाठी तर हे अधिकच सोयीचे आहे. डिसेंबरच्या शेवटी रेक्याविकमध्ये सूर्य जेमतेम चार तास वर असतो आणि वादळाने रस्ते बंद होणे नेहमीचेच. अशा दिवशी मंडळींना खोल्यांत बसवून ठेवण्यापेक्षा त्यांना या चित्रांपुढे नेणे अवघड नाही.

कामाच्या दोन-तीन बाबी. आउस्ग्रिमुर यांचे घर रोज आणि बाराही महिने उघडे असते असे गृहीत धरू नये; तारखा ठरवण्याआधी राष्ट्रीय कला संग्रहालयाकडे विचारणा करावी. ते बंद असेल तर त्याच संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत त्यांची कोणती चित्रे मांडली आहेत याची चौकशी करावी. क्यार्वालस्तादिरमधली मांडणी अधूनमधून बदलते, तेव्हा तीही पाहून घ्यावी. मोठा गट असेल तर दोन तुकड्या कराव्यात, चाळीस माणसे एका चित्रापुढे उभी राहिली तर कोणालाच काही दिसत नाही. आणि सहल पूर्वेकडच्या खाड्यांपर्यंत जाणार असेल तर बोर्गारफ्योर्दुरच्या बाक्कागेर्दी या गावचे छोटे चर्च चुकवू नये. तिथे क्यार्वाल यांनी १९१४ मध्ये काढलेले वेदीचित्र आहे. त्यात येशू ख्रिस्त उपदेश करत उभे आहेत ते गावाशेजारच्या, लपलेल्या लोकांच्या मानल्या जाणाऱ्या टेकडीवर, आणि मागे गावातून रोज दिसणारे दिर्फ्योलचे डोंगर आहेत. चित्र पाहून दाराबाहेर आले की ती टेकडी समोरच दिसते.

सहलीतल्या मंडळींना बसमध्ये वाचून दाखवता येईल असे चार पानांचे मराठी टिपण मी तयार केले आहे. कोणती जागा कोणत्या चित्रकाराशी जोडलेली आहे, चित्रापुढे उभे राहिल्यावर काय पाहावे, नावे कशी उच्चारावीत, एवढेच त्यात आहे. ज्या आयोजकांना ते हवे असेल त्यांना मी विनामूल्य देईन, आणि निघण्यापूर्वी आपण प्रवाशांची जी बैठक घेता तिथे येऊन पाऊण तास बोलायलाही तयार आहे. उन्हाळी सहलींच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्यापूर्वी आपण याचा विचार करावा आणि पहिल्या दिवसापुढे ‘मोकळा वेळ’ याच्या जागी या दोन ठिकाणांची नावे घालावीत, ही पुन्हा एकवार विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक